झांज कुठे गेली

कानसेनांचं खरं नाव दुकानाच्या पगारपत्रकाबाहेर कुठेच उरलं नव्हतं. तानसेन होता आलं नाही तर निदान कानसेन व्हावं, असं लोक म्हणतात. यांनी त्याची नोकरीच केली. घरी गाणं ऐकायची यंत्रं विकणारं दुकान होतं. पुढे काचेच्या कपाटांत अॅम्प्लिफायर मांडलेले, मागे जाड गालिचाची आणि भिंतींना कापड लावलेली ऐकण्याची खोली. त्या खोलीचे कानसेन राजे. गिऱ्हाईक आपल्या स्पीकरची तक्रार घेऊन येई, कानसेन खुर्चीत डोळे मिटून बसत आणि गाणं अर्ध्यावर यायच्या आत निकाल देत, की हे स्थळ जमत नाही, दुसरं बघा. किंवा, जमतंय, उडवा बार.

ही लग्नाची भाषा त्यांची स्वतःची. स्पीकर आणि अॅम्प्लिफायर यांची पत्रिका जुळवायची असते, असं ते मनापासून मानत. काही स्पीकर म्हणे गरीब स्वभावाचे, कुणाच्याही घरात नांदतील. काही मात्र खादाड. गाण्यात खालचा जाड सूर आला की ते अॅम्प्लिफायरकडे एवढा करंट मागतात की किरकोळ यंत्राची बोबडी वळते. मग कानसेनांचं ठरलेलं व्याख्यान सुरू होई. "मोठा अॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो ही अफवा आहे. जाळतो तो छोटा, दमलेला. एकदा दम लागला की तो सुरांचे शेंडे छाटायला लागतो, आणि ती सगळी छाटछूट जाऊन आदळते वरच्या चिमुकल्या स्पीकरवर. ट्वीटरवर. पाप कुणाचं आणि ताप कुणाला." गिऱ्हाईक मान डोलवी. व्याख्यान खरंही होतं, आणि आपण ते छान देतो हे कानसेनांना ठाऊकही होतं.

मीटर लावून स्पीकर तपासणाऱ्यांचा त्यांना राग. मीटरने ताप बघावा, गाणं नाही, असं म्हणत. सगळा कारभार कानांवर.

आता या कानांचं घरी काय चाललं होतं ते दुकानात कुणाला माहीत नव्हतं. घरी फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो बारीक आवाजात किणकिणत असे. कानसेन पाण्याची बाटली काढत, दार ढकलल्यासारखं करत आणि पेपर वाचायला बसत. आतून बायको येई. "अहो, फ्रिज केव्हाचा ओरडतोय."

"काही ओरडत नाही. तुला भास होतात."

"मला भास होतात आणि दूध तुमच्यामुळे नासतं," बायको म्हणे आणि दार लावून जाई.

हातातल्या घड्याळाचा गजरही हल्ली बिघडला होता. दुसरं घड्याळ घेतलं, तर त्याचाही बिघडलेलाच निघाला. माणूस हुशार असला की स्वतःला फसवायलाही हुशारीच वापरतो. कुठल्या अॅम्प्लिफायरचा वरचा सूर कोरडा, कुठल्याचा ओलसर, हे कानसेनांना इतक्या वर्षांत तोंडपाठ झालं होतं. ते यंत्राकडे बघत, पाठ केलेलं म्हणत, आणि तेच आपल्याला ऐकू आलं असं समजत.

अशात त्यांना दातांच्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. डॉक्टर जुने गिऱ्हाईक. मनाने मोकळे, पण स्वभाव असा की कुणी जाणकार म्हणून समोर बसला की यांची अक्कल त्याच्या पायाशी. त्यांनी कुणाकडून तरी भलेमोठे जुने स्पीकर घेतले होते, कमरेएवढे उंच, दोघांनी उचलावे असे. त्यांच्या घरचा छोटा अॅम्प्लिफायर त्या स्पीकरांपुढे धापा टाकायचा आणि ऐन रंगात येऊन बंद पडायचा. "तुम्हीच या आणि स्थळ जुळवून द्या," डॉक्टर फोनवर म्हणाले. "रविवारी या. सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळीही येतील. त्यांनाही कळू दे, कान कशाला म्हणतात."

डॉक्टरांच्या पत्नीला सगळे वहिनी म्हणत. त्या पियानो सुरात लावायचं काम करत. कातडी पिशवीत किल्ल्या, तारा दाबून धरायच्या लोकरी नमद्याच्या पट्ट्या आणि मूळ सूर देणारा एक सूरकाटा घेऊन त्या शाळांत, सभागृहांत, लोकांच्या घरी जात आणि तारा एकेक करून कानांवर सुरात आणत. यंत्राचा आधार नाही. खरं सांगायचं तर त्या दिवाणखान्यात कानांवर पोट असलेली माणसं दोनच होती, कानसेन आणि वहिनी. वहिनी साठीला टेकल्या होत्या. सुरात लावणाऱ्याचं वरचं सप्तक आधी जातं ही धास्ती त्यांना कायम असे, आणि ती त्या हसत बोलूनही दाखवत.

रविवारी दिवाणखाना भरला. कानसेनांनी दुकानातून मोठा अॅम्प्लिफायर आणला होता, दगडासारखा जड. पण तो लगेच जोडला तर त्यात गंमत काय. आधी छोट्याची फजिती दाखवायची, मग मोठ्याची शान, ही त्यांची रीत. छोट्या अॅम्प्लिफायरवर त्यांनी एक रेकॉर्डिंग लावलं, पियानो, मोठं व्हायोलिन आणि पाठीमागे झांज. "आता ऐका हं," ते म्हणाले, "हळूहळू वाढवतो. दमला की हा कर्कश होईल. कर्कश झाला की मी थांबतो. त्याच्या पुढे गेलं की स्पीकर मेला."

ते बटण फिरवत गेले. दरवेळी असंच फिरवत. एका ठिकाणी सुरांना धार येई, कान टोचत, की त्यांचा हात आपोआप मागे येई. आज ती धार येईना. त्यांना वाटलं, छोटा बरा दिसतोय, अजून दम आहे. थोडं वाढवलं. अजून थोडं. पाहुण्यांपैकी एकाने खुर्ची मागे सरकवली. वहिनींनी कानावर हात ठेवला, चेहरा वेडावाकडा झाला. बायकांना मोठा आवाज सोसत नाही, कानसेनांच्या मनात आलं, माझी पण अशीच. त्यांनी आणखी वाढवलं. मग अॅम्प्लिफायरच बिचारा जीव वाचवून बंद पडला.

"बघितलंत," कानसेन म्हणाले. "हा इथे संपला."

मोठा अॅम्प्लिफायर जोडला. तेच रेकॉर्डिंग. मोठ्या व्हायोलिनचा खालचा सूर जमिनीतून आल्यासारखा आला, आणि पाहुण्यांच्या तोंडून नकळत वाहवा निघाली. कानसेन खुर्चीत बसले, डोळे मिटले. पियानो भरदार. कुठे टोचणं नाही, बोचणं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि निकाल दिला. "याला म्हणतात गोडवा. कर्कशपणा औषधालाही नाही. जमलं स्थळ."

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आपल्यालाही हेच म्हणायचं होतं, असा चेहरा डॉक्टरांनी केला.

वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "पण झांज कुठे गेली?"

"अं?"

"मघाशी झांज होती. आता वाजवणारा हात हलवतोय आणि झांज नाही, असं वाटतंय."

कानसेन हसले. अगदी मायेने हसले, तेच नंतर त्यांना सर्वांत जास्त छळणार होतं. "वहिनी, मघाशी होता तो कर्कशपणा. तुम्हाला त्याची सवय झाली होती. झांज आहे, जागच्या जागी आहे. कान बसू द्या."

"आमच्या हिचं वय झालं आता," डॉक्टर म्हणाले आणि सगळे हसले. वहिनीही हसल्या. पण हसताना त्या स्पीकरकडे बघत होत्या, हे कानसेनांच्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं आणि सोडून दिलं.

काही आठवड्यांनी डॉक्टरांचा दुकानात फोन आला. कानसेन नुकतेच एका गिऱ्हाइकाला व्याख्यान देऊन मोकळे झाले होते.

"कानसेन, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं."

"कुठलं हो?"

"हिच्या कानांचं. रोज लावून बसते. म्हणते, झांज नाही, गाणाऱ्या बाईचा श्वास नाही, काचेआडून ऐकल्यासारखं येतंय. मी म्हटलं, अगं, कानसेनांनी ऐकलंय, आम्ही सगळ्यांनी ऐकलंय, तू एकटीच कशी शहाणी? मग पटलं तिला. आता तर पियानोच्या वरच्या पट्ट्यांवरही विश्वास राहिला नाही तिचा. शाळेचा पियानो लावून आली आणि पुन्हा तपासायला गेली, मग पुन्हा गेली. शेवटी म्हणाली, लोकांचे पियानो बिघडवण्यापेक्षा मी थांबते. शाळेचं काम सोडलं. सभागृहाचंही सोडतेय. पिशवी एका विद्यार्थिनीला देणार आहे."

"कानाच्या डॉक्टरांना दाखवलंत?"

"येतच नाही. म्हणते, एकदा कागदावर आलं की आशा पण संपली. तुम्ही जरा समजवा तिला. माझं ऐकणार नाही, तुमचं ऐकेल."

फोन ठेवला आणि कानसेनांना तो रविवार जसाच्या तसा आठवला. वहिनींचा कानावरचा हात. मागे सरकलेली खुर्ची. आणि आपला हात, बटणावर, पुढे पुढे जाणारा. ते बटण कुठवर गेलं होतं हे त्यांना आता डोळ्यांपुढे दिसलं. धार आली नव्हती असं नाही. आली, सगळ्यांच्या कानांत शिरली, फक्त यांच्या कानांना वळसा घालून गेली. त्यांनी स्वतःच्या हाताने दमलेल्या यंत्राला मारून मारून दोन्ही ट्वीटर जाळले होते. ज्या पापाचं व्याख्यान आयुष्यभर दिलं तेच, आणि तेही व्याख्यान देता देता. आणि मग जळक्या स्पीकरपुढे बसून त्याला गोडवा म्हणाले होते.

तरी माणूस चटकन हार मानत नाही. त्यांनी ऐकण्याच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि तपासणीची तबकडी लावली. तिच्यात एक शीळ खालून वर चढत जाते आणि यंत्रावर आकडा दिसत राहतो. शीळ चढली, बारीक झाली, आणि अर्ध्या वाटेवर गायब झाली. आकडा मात्र पुढे धावतच होता. कानसेनांना वाटलं, तबकडी खराब आहे. आवाज वाढवला. आणखी वाढवला. तेवढ्यात दार उघडून गल्ल्यावरची मुलगी आत डोकावली, दोन्ही कानांत बोटं घालून.

"काका, बंद करा हो ते. बाहेर लोक पळायला लागलेत."

खोलीत त्यांच्यापुरती चिडीचूप शांतता होती. त्यांनी यंत्र बंद केलं आणि मुलगी गेल्यावरही खुर्चीत बसून राहिले. त्यांना लाज वाटली. ती बहिरेपणाची नव्हती. बहिरेपण काय, वयाबरोबर येतं, चष्म्यासारखं. लाज वाटली ती वहिनींची. आपलं दुखणं आपण हसत हसत एका बाईच्या पदरात टाकलं, आणि तिने ते मुकाट्याने घेतलं, कारण तिचा या कानांवर विश्वास होता. आणि घरी बायकोच्याही पदरात तेच टाकत आलो की. तुला भास होतात.

जाऊन सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळपर्यंत ते ठरवणं जरा पातळ झालं. सांगून काय होणार? दुकानात ऐकण्याच्या खोलीत कोण बसवणार मग? या वयात काउंटरवर वायरी विकायच्या? आणि मुळात वहिनींना काय हवंय? झांज हवीय. ती मिळाली की झालं. दुकानाच्या माळ्यावर त्याच जातीच्या मोडीत निघालेल्या स्पीकरची ट्वीटरची जोडी पडली होती. गुपचूप जाऊन बदलावी, धूळ बसली होती म्हणावं, झांज वाजेल, वहिनींना वाटेल कान परत आले, सगळ्यांचं भलं. त्यांनी स्वतःलाच इतक्या वेळा भलं भलं म्हणून सांगितलं की शेवटी ते खरं वाटायला लागलं. जोडी पिशवीत घातली. जाताना दुरुस्तीच्या टेबलावरचा मीटरही उचलला. कुणी बघत नाही ना, हे बघून उचलला.

डॉक्टर दवाखान्यात असतील अशी दुपारची वेळ त्यांनी निवडली. वहिनींनी दार उघडलं. "अरे, कानसेन. या. यांनी फोन केला होता वाटतं तुम्हाला. मला समजवायला आलात?"

"छे छे. जरा वायरी आवळायच्या राहिल्या होत्या त्या दिवशी."

पियानोचं झाकण बंद होतं आणि त्याच्यावर डॉक्टरांच्या मासिकांचा ढीग रचला होता. कातडी पिशवी दाराशी ठेवलेली, पट्टे आवळून. कानसेनांनी तिच्याकडे न बघता बूट काढले. वहिनी चहा टाकायला आत गेल्या.

त्यांनी घाईने जाळी काढली, पेचकसाने स्क्रू सोडवले आणि पहिल्या ट्वीटरला मीटर लावला. काटा हलला नाही. दुसऱ्याला लावला. तोही मेलेला. आतापर्यंत मनात कुठेतरी आशा होती की आपलं चुकत असेल. त्यांनी नव्या जोडीला मीटर लावला, काटा उठला, तेव्हा त्यांनी एकेक बसवून टाकला. आतली वायर टोकाच्या चिमटीत अडकवली, जाळी लावली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा जुनी जोडी पिशवीत तळाशी गेली होती.

"धूळ फार होती," कानसेन म्हणाले. त्यांच्या आवाजात त्यांनाच नको असलेला गोडवा आला होता. "आता लावून बघा."

वहिनींनी तेच रेकॉर्डिंग लावलं आणि समोरच्या खुर्चीत बसल्या. कानसेन बाजूला उभे. पियानो आला, मोठं व्हायोलिन आलं. कानसेनांना सगळं आधीसारखंच वाटलं. ते यंत्राकडे नव्हे, वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत होते. ऐकायला आता तेवढंच उरलं होतं. चेहरा उजळला. अगदी लहान मुलीसारखा उजळला.

"आली," वहिनी म्हणाल्या. "अगबाई, आली की झांज."

कानसेनांच्या छातीवरचा धोंडा उतरला. सुटलो, ते मनात म्हणाले.

पण वहिनींनी मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला. उजव्या कानावर हात ठेवून ऐकलं, मग डाव्या कानावर. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू कमी झाला.

"उजवीकडूनच येतेय," त्या म्हणाल्या. "डावीकडे काही नाही." थोडा वेळ थांबल्या. "कानसेन, तुम्हाला दोन्हीकडून सारखी येतेय ना?"

आता कानसेनांना ना उजवीकडची झांज येत होती, ना डावीकडची. दोन्ही बाजू त्यांना एकसारख्याच रिकाम्या होत्या. डावी चिमटी सुटली असेल, किंवा वहिनींचा डावा कान खरोखरच गेला असेल. यातलं काय खरं, हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता. आणि वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, डॉक्टर पेशंटकडे नव्हे, पेशंट डॉक्टरकडे बघतो तशा.

"हो," कानसेन म्हणाले.

आयुष्यभराची सवय. विचारलं की निकाल द्यायचा. तोंडातून शब्द गेला आणि मग त्यांना कळलं की गेला.

वहिनींनी मान हलवली. रडल्या नाहीत, काही नाही. "मग डावा गेलाय. उजवा आहे अजून, तेवढं नशीब. पण एका कानावर तारा लागत नाहीत." त्या उठल्या. "बरं झालं तुम्ही आलात. मी उगीच आशा लावून बसले होते. त्या विद्यार्थिनीला म्हटलं होतं, पुढच्या आठवड्यात ये. आजच बोलावते. पिशवी डोळ्यांसमोर नको." आणि टेलिफोनकडे गेल्या.

कानसेन जागच्या जागी उभे राहिले. वहिनींनी फोन उचलला, चष्मा लावला, आकडे फिरवायला लागल्या.

"वहिनी, थांबा."

"काय?"

"ठेवा तो फोन. तुमचा कान गेलेला नाही." "म्हणजे, मला माहीत नाही. मला कळतच नाही. मला झांज ऐकूच येत नाही, वहिनी. उजवीकडचीही नाही."

वहिनींनी फोन खाली ठेवला.

मग कानसेनांनी सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, पुढचं मागे आणि मागचं पुढे झालं, पण सांगितलं. बटण कसं पुढे गेलं, ट्वीटर कसे जळले, गोडवा कशाला म्हटलं. पिशवीतून जुनी जोडी काढून टेबलावर ठेवली. एका ट्वीटरच्या काळ्या बिल्ल्यावरची पातळ तार जळून तुटलेली दिसत होती. वहिनींनी ती बोटाने चाचपली.

"केव्हा कळलं तुम्हाला?"

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. "डॉक्टरांचा फोन आला तेव्हा."

"आणि मघाशी 'हो' म्हणालात, ते?"

जे आधी झालं ते न कळता झालं होतं, असं म्हणता तरी येत होतं. हा 'हो' कळूनसवरून गेला होता. कानसेनांची मान खाली गेली आणि कान गरम झाले. तेवढं काम ते अजून चोख करत होते.

"ते तोंडातून गेलं," ते पुटपुटले.

"मी त्या मुलीला फोन लावत होते, कानसेन," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं. "मी शाळेतून निघाले तेव्हा तिथला शिपाई विचारत होता, बाई, पुन्हा कधी येणार. मी त्याला सांगितलं, माझे कान म्हातारे झाले. मी असं सगळ्यांपुढे म्हणून आले आहे."

"मी शाळेत जाऊन सांगतो."

"ते नंतर. आधी तो डावा उघडा."

कानसेन खाली बसले आणि जाळी काढली. वहिनींनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं आणि शेजारच्या स्टुलावर बसल्या, कान स्पीकरकडे करून. चिमटी खरंच सुटली होती. त्यांनी ती बसवली.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

पक्कडीने थोडी दाबली.

"खरखरतंय. अजून."

आणखी दाबली.

"आता आली."

कानसेनांना काही ऐकू आलं नव्हतं. त्या म्हणाल्या म्हणून त्यांनी स्क्रू पिळले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी शब्दावर त्यांनी स्पीकरची जाळी लावली, आणि ते करताना त्यांना आपण किती मोठ्या आवाजात लोकांना शिकवत आलो हे आठवत राहिलं. वहिनींनी डोळे मिटून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. त्या आनंदात होत्या का रागात, हे कानसेनांना ओळखता आलं नाही आणि विचारायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. डॉक्टर आज लवकर आले होते. दारातूनच त्यांचा नेहमीचा मोकळा आवाज आला. "अरे वा, बैठक चाललीय. काय म्हणतात कानसेन? बरं वाजतंय का?"

वहिनी कानसेनांकडे बघत होत्या. आपल्या वतीने त्या काही बोलणार नाहीत, हे कानसेनांना कळलं.

"वहिनींना विचारा," कानसेन म्हणाले. "मला वरचे सूर ऐकू येत नाहीत."

डॉक्टर खदाखदा हसले. "ऐकलंस का? कानसेनांना ऐकू येत नाही म्हणे. मग आम्ही काय दगड?" आणि हसत हसत बूट काढायला बसले.

एकदा सांगताना जीव गेला होता. आता हसणाऱ्या माणसाला तेच पुन्हा सांगायचं होतं. "थट्टा नाही करत, डॉक्टर. खरंच नाही येत. त्या रविवारी ट्वीटर मी जाळले. गोड लागत होतं ते जळकं होतं. वहिनी म्हणत होत्या ते बरोबर होतं. त्यांचे कान ठणठणीत आहेत."

डॉक्टरांच्या हातात बूट तसाच राहिला. त्यांनी टेबलावरची जळकी जोडी बघितली, वहिनींकडे बघितलं, पुन्हा जोडीकडे. हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मग डॉक्टर कानसेनांकडे वळले, आणि अगदी काळजीने, आवाज खाली आणून म्हणाले, "पण कानसेन, तुमची खात्री आहे ना? तिला नीट ऐकू येतंय म्हणून?"

कानसेनांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. एवढं सांगूनही त्यांचाच शब्द हवा होता.

"त्यांना काय विचारता?" वहिनी म्हणाल्या. "मला विचारा."

डॉक्टरांना काय विचारायचं ते सुचेना. कानसेन गालिचावर बसून उरलेले स्क्रू गोळा करत राहिले.